नेब्रास्काच्या खेळाडूंची बेसबॉल कार्डं: संग्रहाची सुरुवात कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुटुंब मूळचं सांगलीचं, आता अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, ओमाहात स्थायिक. अकरा वर्षांची मुलगी इथेच जन्मली, शाळेत सॉफ्टबॉल खेळते, आणि तिला ‘आपल्या राज्यातल्या’ खेळाडूंची बेसबॉल कार्डं जमवायची आहेत. आईला या खेळाची फारशी माहिती नाही. सुरुवात कुठून करावी, खर्च किती येईल आणि जुनं कार्ड खरं की नकली हे कसं ओळखावं, असं त्यांनी विचारलं आहे.

मी गेली बरीच वर्षं नेब्रास्काचीच कार्डं जमवते आहे, त्यामुळे सविस्तर लिहिते. पैशांचा आणि खऱ्याखोट्याचा विषय पुढे येईलच. त्याआधी मायलेकींनी बसून एक गोष्ट ठरवायला हवी, कारण बाकीचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. ‘आपला’ खेळाडू कोणाला म्हणायचं?

वेड बॉग्ज १९५८ मध्ये ओमाहात जन्मला. कारकिर्दीत ३०१० हिट्स (चेंडू मारून सुरक्षित बेस गाठणं), २००५ मध्ये हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या यादीत स्थान. पण वडील लष्करात, घराच्या बदल्या होत राहिल्या आणि मुलगा लहानाचा मोठा झाला तो फ्लोरिडातल्या टॅम्पात. टॅम्पाचे लोक त्याला आपला म्हणतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. डॅरिन अर्स्टॅडचं नेमकं उलटं. जन्म नॉर्थ डकोटातल्या जेम्सटाउनचा, पण नेब्रास्का विद्यापीठात तो बेसबॉल तर खेळलाच, शिवाय १९९४ च्या राष्ट्रीय विजेत्या अमेरिकन फुटबॉल संघाचा पंटरही (चेंडू लाथेने लांब धाडणारा) तोच होता. १९९५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत, त्याची सर्वांत पहिली निवड झाली आणि पुढे तो त्याच विद्यापीठाचा प्रशिक्षक झाला. विद्यापीठाच्या लिंकन शहरात कोणालाही विचारा, अर्स्टॅड परका आहे असं कोणी म्हणणार नाही. तिसरा नमुना स्टॅन बान्सनचा. हा काउन्सिल ब्लफ्सचा, म्हणजे ओमाहातून मिसूरी नदी ओलांडली की लागतं ते आयोवातलं गाव. शिकला मात्र नेब्रास्का विद्यापीठात, आणि १९६८ मध्ये अमेरिकन लीगचा, म्हणजे मेजर लीग या अव्वल स्पर्धेच्या दोन गटांपैकी एकाचा, सर्वोत्तम नवोदित ठरला.

या तिघांचं काय करायचं ते आधी ठरवलं नाही, तर अल्बममध्ये वर्षभरात कोणीही शिरतं आणि संग्रहाला धरबंध राहत नाही. माझा नियम असा आहे. जन्म किंवा शाळा नेब्रास्कात झाली असेल तर मुख्य अल्बम. फक्त विद्यापीठामुळे जोडले गेलेले दुसऱ्या अल्बममध्ये. इथल्या मायनर लीग (मेजर लीगच्या खालच्या पायऱ्या) संघातून खेळून पुढे गेलेले तिसरीकडे, आणि तेही मनापासून आवडले तरच. हा तिसरा गट वेगळा ठेवण्याला कारण आहे. १९६९ पासून ओमाहाचा संघ कॅन्सस सिटी रॉयल्स या मेजर लीग संघाच्या लगेच खालची पायरी आहे. जॉर्ज ब्रेट १९७३ मध्ये इथे खेळला आणि मग रॉयल्सचा सर्वांत मोठा खेळाडू झाला. रॉयल्सचे बहुतेक खेळाडू कधी ना कधी ओमाहाचं पाणी पिऊन गेलेत. ते सगळे मुख्य अल्बममध्ये घेतले तर संग्रह नेब्रास्काचा न राहता कॅन्सस सिटीचा होईल. तुमच्या लेकीचा नियम वेगळा असू शकतो, आणि तो तिनेच ठरवावा. जन्माचा नियम लावला तर ती स्वतःही या यादीत बसते, हे तिला जरूर सांगा.

नियम ठरला की यादी करणं सोपं आहे. बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळावर जन्माच्या राज्यानुसार खेळाडू पाहता येतात. नेब्रास्कात जन्मलेले आणि मेजर लीगमध्ये खेळलेले शंभराहून अधिक आहेत. कोणाची कोणकोणती कार्डं निघाली हे ट्रेडिंग कार्ड डेटाबेसवर सापडतं. आणि टॉप्स या कार्ड कंपनीची जुनी कार्डं हातात आली की मागची बाजू आधी वाचायची सवय लावा. टॉप्सच्या बऱ्याच वर्षांच्या कार्डांवर जन्मगाव आणि राहतं गाव वेगवेगळं छापलेलं असतं. माझं निम्मं शिक्षण त्या दोन ओळींवर झालं आहे.

यादी हातात आल्यावर मी ती काउंटीनुसार, म्हणजे जिल्ह्यानुसार, लावायला सांगेन, वर्णानुक्रमे नाही. नेब्रास्कात ९३ काउंट्या आहेत आणि मोठ्या शहरांपुरत्या तीन सोडल्या तर गाड्यांच्या नंबरप्लेटवर अजूनही काउंटीचा आकडा पुढे असतो, त्यामुळे मुलांना हा खेळ पटकन आवडतो. अशी यादी लावली की एक वेगळीच गोष्ट दिसू लागते. सॉन्डर्स काउंटी घ्या, आकडा ६. वाहू हे तिचं मुख्य गाव आणि तिथून काही मैलांवर वेस्टन. वाहूने सॅम क्रॉफर्ड दिला आणि वेस्टनने बॉब सर्व्ह. एक १८८० मध्ये जन्मलेला, दुसरा १९२५ मध्ये.

क्रॉफर्ड गावात न्हाव्याचं काम शिकला होता. पुढे सिनसिनाटी आणि मग डेट्रॉइट टायगर्ससाठी खेळताना त्याने कारकिर्दीत ३०९ ट्रिपल (एकाच फटक्यात तिसरा बेस गाठणं) मारले. हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे आणि आजचा खेळ ज्या पद्धतीने चालतो ते पाहता तो मोडणार नाही. हॉल ऑफ फेममधल्या त्याच्या फलकावर ‘वाहू सॅम’ असं लिहिलेलं आहे. त्याची दोन कार्डं टी२०६ या प्रसिद्ध मालिकेत आहेत, एकात तो चेंडू फेकतो आहे आणि दुसऱ्यात हातात बॅट आहे. ही मालिका १९०९ ते १९११ दरम्यान सिगरेटच्या पाकिटांतून आली. होनस वॅग्नरचं लाखो डॉलरचं कार्ड ते याच मालिकेतलं. त्याच्या किमती ऐकून लोक पूर्ण मालिकेलाच घाबरतात, पण तसं घाबरायचं कारण नाही. कोपरे झिजलेलं, मधोमध घडी पडलेलं क्रॉफर्डचं कार्ड एखाद्या मोठ्या वाढदिवसाच्या भेटीच्या पैशांत मिळू शकतं. शंभर वर्षांपूर्वी कोणाच्या तरी खिशातून फिरलेलं कार्ड झिजलेलंच असणार, आणि मला ते तसंच आवडतं.

सर्व्हची गोष्ट तर माझ्या फार जिव्हाळ्याची आहे. तो नेब्रास्का विद्यापीठातून न्यूयॉर्क यांकीजकडे गेला. तिथे आउटफील्डमध्ये (मैदानाच्या लांबच्या भागात) इतकी गर्दी होती की त्याला खेळायलाच मिळेना. मग कॅन्सस सिटी अ‍ॅथलेटिक्सने त्याला घेतलं. १९५८ मध्ये होम प्लेटजवळच्या (फलंदाज उभा राहतो ती जागा) टकरीत त्याचा जबडा मोडला. जबडा तारांनी बांधलेला, पोटात फक्त नळीने ओढलेलं पातळ अन्न, आणि हा गडी खेळतोच आहे. त्या हंगामात त्याने ३८ होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर) मारले, १०४ धावा घडवल्या आणि निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यात लेफ्ट फील्डला टेड विल्यम्ससारख्या दिग्गजाच्या आधी त्याची निवड झाली. १९६१ मध्ये तो पुन्हा यांकीजकडे होता. मिकी मँटल आणि रॉजर मॅरिस हे दोघं बेब रूथच्या एका हंगामातल्या ६० होमरनच्या विक्रमाचा पाठलाग करत होते त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये दोघांबरोबर एकाच फ्लॅटमध्ये राहणारा तिसरा माणूस म्हणजे बॉब सर्व्ह. आणि त्याच्या कार्डांची किंमत? साधारण अवस्थेतलं १९५९ चं कार्ड दोन कप कॉफीच्या आसपास मिळून जातं. १९५३ चं टॉप्स कार्ड, जे हाताने रंगवलेल्या चित्रावरून छापलं होतं, थोडं महाग पडतं, पण तेही आवाक्यात आहे. त्या मालिकेची चित्रं फार देखणी आहेत.

राज्याच्या संग्रहाची खरी श्रीमंती अशा खेळाडूंत आहे असं माझं ठाम मत आहे. यांना या छंदात ‘कॉमन’ म्हणतात. दुकानदार ती कार्डं खोक्यात भरून एक-दोन डॉलरला विकतात, कारण त्यांच्यामागे गुंतवणूकदार धावत नाहीत. पण ओमाहात राहणाऱ्या मुलीसाठी ती कॉमन कशी असतील? बीमर गावात जन्मलेला पिचर (चेंडू टाकणारा) मेल हार्डर क्लीव्हलंडसाठी २२३ सामने जिंकला आणि त्याचं गौडी कंपनीचं १९३४ चं कार्ड आहे. हेस्टिंग्जचा जॉनी हॉप १९५२ च्या पहिल्या मोठ्या टॉप्स मालिकेत आहे. ऑक्सफर्ड नावाच्या छोट्या गावात जन्मलेला रॉन हॅन्सन १९६० चा सर्वोत्तम नवोदित, आणि १९६८ मध्ये त्याने एकट्याने एकाच चेंडूवर तिघांना बाद करण्याचा, लाखातून एखाद्या वेळी दिसणारा प्रकार करून दाखवला. ओमाहाचा ग्रेग ओल्सन १९८९ चा सर्वोत्तम नवोदित. त्याची कार्डं अशा काळातली आहेत की कंपन्यांनी डोंगर छापले होते, त्यामुळे आज ती जवळजवळ फुकट मिळतात. मुलीच्या हातात पहिल्या दिवशी ठेवायला याहून चांगलं काही नाही. तिला ती हाताळू द्या, वाचू द्या, मैत्रिणीशी अदलाबदल करू द्या. आपल्यापैकी ज्यांनी लहानपणी बिग फन च्युइंगमबरोबर येणारी क्रिकेटपटूंची चित्रं जमवली आहेत, त्यांना यात वेगळं काही समजावून सांगायला नको.

आता मोठी नावं. बॉब गिब्सनपासूनच सुरुवात करायला हवी, कारण तो पूर्णपणे ओमाहाचा आहे. १९३५ मध्ये इथे जन्मला, इथल्या कृष्णवर्णीय वस्तीत वाढला, मोठ्या भावाने त्याला खेळाडू म्हणून घडवलं. बास्केटबॉलसाठी त्याला इंडियाना विद्यापीठात जायचं होतं, तर तिथून उत्तर आलं की कृष्णवर्णीय खेळाडूंचा त्यांचा कोटा भरला आहे. मग तो आपल्या गावातल्याच क्रेटन विद्यापीठात गेला, पुढे काही काळ हार्लेम ग्लोबट्रॉटर्सबरोबर बास्केटबॉल खेळला, ओमाहा कार्डिनल्सकडून मायनर लीग खेळला आणि १९५९ मध्ये सेंट लुइस कार्डिनल्समध्ये पोहोचला. पूर्ण कारकीर्द त्याच एका संघात. १९६८ मध्ये पिचर म्हणून त्याने नऊ डावांमागे सरासरी १.१२ धावा दिल्या. पिचरांचं वर्चस्व इतकं झालं की पुढच्या वर्षी नियम बदलून पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला. निवृत्तीनंतरही तो ओमाहाच्या परिसरातच राहिला. २०२० मध्ये गेला.

त्याचं रूकी कार्ड, म्हणजे मेजर लीगमधलं पहिलं कार्ड, १९५९ चं टॉप्स क्रमांक ५१४. पार्श्वभूमी गुलाबी. हे कार्ड महाग का, हे समजून घेतलं तर त्या काळच्या बाकीच्या किमतींचं गणितही कळेल. टॉप्स तेव्हा सगळी कार्डं एकदम बाजारात आणत नसे. उन्हाळाभर टप्प्याटप्प्याने मालिका यायच्या. शेवटच्या टप्प्याची कार्डं दुकानात पोहोचेपर्यंत मुलांचं लक्ष फुटबॉलकडे वळलेलं असे, दुकानदार कमी माल मागवत, आणि त्यामुळे शेवटचे क्रमांक कमी उरले. १९५९ मध्ये ५०७ पासून ५७२ पर्यंतचे क्रमांक असे आहेत. गिब्सन नेमका त्यांत सापडतो. त्यात छपाई अनेकदा एका बाजूला सरकलेली असते, म्हणून चारही कडा समान असलेलं कार्ड दुर्मीळ. खालच्या ग्रेडचंही, म्हणजे झिजलेलंही, शंभर डॉलरच्या पुढेच जाईल, आणि वरच्या ग्रेडचा विचार तुम्ही आज करूच नका.

त्याऐवजी मी तुम्हाला १९६९ च्या टॉप्समधलं वर्ल्ड सिरीजचं (हंगामाच्या शेवटची अजिंक्यपद मालिका) कार्ड सुचवेन, क्रमांक १६२. १९६८ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात गिब्सनने डेट्रॉइटच्या १७ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं. वर्ल्ड सिरीजमधला तो विक्रम आजही कायम आहे, आणि हे कार्ड त्या दिवसाचंच आहे. किंमत रूकी कार्डाच्या एका छोट्या अंशाइतकी. सत्तरच्या दशकातली त्याची कार्डंही परवडतात. शेवटचं १९७५ चं, रंगीबेरंगी दुहेरी चौकटीचं, मुलांना हमखास आवडतं.

ग्रोव्हर क्लीव्हलंड अलेक्झांडर हॉवर्ड काउंटीतल्या एल्बाचा. १८८७ मध्ये जन्म, तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांचं नाव ठेवलेलं. पिचर म्हणून ३७३ विजय. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होता, तिथून कानाला इजा आणि मिरगीचा त्रास घेऊन परतला, दारूनेही त्याला पोखरलं. आणि तरीही १९२६ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात, वयाच्या ३९ व्या वर्षी, तिन्ही बेस भरलेले असताना त्याने यांकीजच्या टोनी लझेरीला स्ट्राइकआउट केलं आणि सामना कार्डिनल्सला जिंकून दिला. त्याची खेळत असतानाची कार्डं १९१४ आणि १९१५ च्या क्रॅकर जॅक मालिकेत आहेत. ती गोड मक्याच्या डब्यात यायची, म्हणून १९१४ च्या कार्डांवर साखरेच्या पाकाचे डाग असतात. १९१५ मध्ये कंपनीने कूपन पाठवल्यास पूर्ण संच टपालाने द्यायला सुरुवात केली, त्यामुळे त्या वर्षीची जास्त कार्डं स्वच्छ राहिली. दोन्ही वर्षांची चित्रं बहुतेक तीच आहेत. ओळखायचं असं की १९१५ च्या कार्डाची मागची बाजू पुढच्या बाजूच्या मानाने उलटी छापलेली आहे. दोन्ही वर्षांची कार्डं घरखर्चातून घ्यायची नव्हेत. त्याच्यासाठी १९६० आणि १९६१ च्या फ्लीअर कंपनीच्या जुन्या दिग्गजांच्या मालिका बघा. काही डॉलरमध्ये ‘ओल्ड पीट’ (हे त्याचं टोपणनाव) घरी येतो आणि कार्डही स्वतः साठ वर्षांहून जुनं असतं.

रिची अ‍ॅशबर्न टिल्डनचा. १९५५ आणि १९५८ मध्ये नॅशनल लीगचा (मेजर लीगचा दुसरा गट) फलंदाजीतला अव्वल, फिलाडेल्फियाचा लाडका, शेवटचं वर्ष १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्समध्ये, ज्या संघाने १२० सामने गमावले. त्याचं बोमन कंपनीचं १९४९ चं रूकी कार्ड पुन्हा वरच्या क्रमांकांतलं, म्हणून महाग. पण पन्नासच्या दशकातली बाकीची टॉप्स आणि बोमन कार्डं वाजवी आहेत, आणि मेट्सच्या टोपीतलं शेवटचं कार्ड मला त्याच्या सगळ्या कार्डांत जास्त बोलकं वाटतं. बॉग्जची १९८३ ची तिन्ही रूकी कार्डं, टॉप्स, डॉनरस आणि फ्लीअर, सहज मिळतात. बिली साउथवर्थ हार्वर्ड नावाच्या गावात जन्मला आणि व्यवस्थापक म्हणून कार्डिनल्सला १९४२ आणि १९४४ ची वर्ल्ड सिरीज जिंकून देऊन गाजला. अलेक्झांडर, साउथवर्थ, गिब्सन, तिघंही सेंट लुइसचे. याला कारण आहे. १९५० च्या दशकापर्यंत सेंट लुइसच्या पश्चिमेला मेजर लीगचा संघच नव्हता आणि नेब्रास्काच्या शेतांतली घरं रेडिओवर कार्डिनल्सच ऐकत. संग्रहात कार्डिनल्सचा लाल रंग इतका का दिसतो, असं मुलीने विचारलं तर हे सांगता येईल.

आधुनिक कार्डांमध्ये एक कार्ड असं आहे की नेब्रास्काच्या संग्राहकाला ते टाळता येत नाही. लिंकनचा अ‍ॅलेक्स गॉर्डन विद्यापीठातून २००५ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर रॉयल्सकडे गेला. २००६ पासून खेळाडूंच्या संघटनेने नियम आणला की मेजर लीगच्या संघात न पोहोचलेल्या खेळाडूचं कार्ड मुख्य संचात छापायचं नाही. टॉप्सने मात्र गॉर्डनचं कार्ड क्रमांक २९७ छापून ठेवलं होतं. लक्षात आल्यावर ते मागे घेतलं, बऱ्याच कार्डांचा मधला भाग कापून काढला, पण काही अखंड कार्डं तोवर पाकिटांत जाऊन बसली होती. लोकांनी दुकानांतली पाकिटं साफ केली. त्या वेळी हजारो डॉलर मोजले गेले. गॉर्डनने मेजर लीगमध्ये पाऊल टाकलं ते एप्रिल २००७ मध्ये, त्यामुळे त्याची अधिकृत रूकी कार्डं २००७ ची. पुढे तो तिसऱ्या बेसवरून लेफ्ट फील्डला गेला, आठ गोल्ड ग्लोव्ह (क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार) मिळवले आणि २०१५ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात नवव्या डावात बरोबरी साधणारा होमरन मारला. कार्डाची किंमत तेव्हाच्या मानाने खूप उतरली आहे. मधोमध भोक असलेलं कापीव कार्ड अल्बममध्ये लावलेलं पाहिलं की येणारा प्रत्येक पाहुणा तिथे थांबतो. पण इतरांची अशी नवी नवी ‘गाजणारी’ कार्डं विकत घेण्यात मुलीचे पैसे घालू नका. विद्यापीठातून ड्राफ्ट झालेल्या बऱ्याच मुलांचं बोमन कार्ड निघतं, पहिल्या आठवड्यात महाग असतं आणि बहुतेकांचं दोन-तीन वर्षांत उतरतं. तेव्हा घ्या.

खऱ्याखोट्याबद्दल. १९८० नंतरच्या साध्या कार्डांची कोणी नक्कल करत बसत नाही, तिथे निर्धास्त राहा. टी२०६, क्रॅकर जॅक, गिब्सनचं १९५९ चं, अ‍ॅशबर्नचं १९४९ चं, इथे मात्र डोळे उघडे हवेत. पुनर्मुद्रित कार्डं अधिकृतपणेही निघालेली आहेत, त्यांच्या मागे तसं छापलेलं असतं, आणि लबाड माणूस ते शब्द खरवडून काढतो किंवा कार्ड कॉफीच्या पाण्यात बुडवून जुनं करतो. दहापट मोठं दाखवणारं जवाहिऱ्याचं भिंग घ्या. खऱ्या जुन्या कार्डावर अक्षरं आणि काळ्या चौकटी भरीव शाईच्या असतात. स्कॅन करून छापलेल्या नकलेत तीच अक्षरं बारीक ठिपक्यांची दिसतात. अतिनील दिव्याखाली कागद निळसर-पांढरा चमकला तर तो कागद युद्धपूर्व काळातला नाही, कारण तेव्हा कागदात चमक आणणारी रसायनं नसत. शिवाय मोजमाप. १९५७ पासून टॉप्स कार्ड अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच आहे, १९५२ ते १९५६ ची त्याहून मोठी. कोपरे टोकदार दिसावेत म्हणून कडा कापलेलं कार्ड मापात कमी भरतं.

एवढं करूनही खात्री वाटत नसेल, तर शंभर डॉलरच्या वरचं कार्ड ग्रेडिंग झालेलंच घ्या. पीएसए, एसजीसी आणि बेकेट या कंपन्या कार्ड तपासून १ ते १० पैकी गुण देतात आणि प्लॅस्टिकच्या बंद पेटीत घालून देतात. पेटीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघायचा, कारण पेट्याही नकली निघाल्या आहेत. आणि तुमच्यासारख्या संग्रहाला १ किंवा २ गुणांचं कार्ड पुरेसं आहे. गिब्सनचा चेहरा स्पष्ट दिसला, रंग उडालेला नसला, की कोपऱ्यांचं दुःख करू नये. एका ८ गुणांच्या कार्डाच्या पैशांत पूर्ण सॉन्डर्स काउंटी येते.

किंमत पाहताना ईबेवर विक्रेत्याने मागितलेला आकडा बघू नका. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या मालाची यादी वेगळी उघडता येते, तिथे गेल्या काही महिन्यांतले व्यवहार दिसतात. कॉमन कार्डं एकेक करून टपालाने मागवली तर कार्डापेक्षा टपालखर्च जास्त होतो. त्यासाठी एकाच ठिकाणी अनेक विक्रेत्यांची कार्डं ठेवणारी कॉमसी (COMC) ही सेवा बरी. पण सर्वांत चांगला मार्ग गावातलं कार्डाचं दुकान आणि अधूनमधून भरणारी कार्ड प्रदर्शनं. मुलीला स्वतः यादी घेऊन टेबलाशी जाऊ द्या. ‘तुमच्याकडे नेब्रास्काचं कोण आहे?’ असं तिने विचारलं की जुने विक्रेते खुर्चीतून उठून खोकी उघडतात. मी हे अनेकदा पाहिलं आहे. घासाघीस इथे चालते, फक्त सभ्यपणे.

महिन्याला दहा-पंधरा डॉलर बाजूला काढले तर पहिल्या वर्षात चाळीसेक खेळाडूंचं एकेक कार्ड जमायला हरकत नाही.

ठेवण्याबद्दल थोडंच. प्रत्येक कार्डाला पातळ प्लॅस्टिकची पिशवी, जरा किमतीचं असेल तर वर टॉपलोडर, म्हणजे कडक प्लॅस्टिकचं पाकीट. अल्बमची पानं पीव्हीसी नसलेली घ्या, आणि टी२०६ किंवा १९४९ च्या बोमनसारख्या लहान कार्डांसाठी लहान खणांची. कार्डांवर रबर बँड कधीही नाही. ओमाहातल्या घरांची तळघरं उन्हाळ्यात दमट असतात, तिथे संग्रह ठेवू नका, राहत्या खोलीच्या आतल्या भिंतीकडचं कपाट उत्तम. सुट्टीत आजी-आजोबांना दाखवायला सांगलीला न्यायची असतील तर जुलै-ऑगस्ट टाळा. पावसाळी हवेत जुना पुठ्ठा आठवड्याभरात वाकतो.

बघायला नेण्याजोगी ठिकाणंही आहेत. पॅपिलियनच्या वर्नर पार्कबाहेर गिब्सनचा पुतळा आहे. जूनमध्ये कॉलेज वर्ल्ड सिरीज ओमाहात असते, १९५० पासून इथेच, फक्त २०२० मध्ये ती झाली नाही. आणि सेंट पॉल या गावात, जिथे अलेक्झांडर शेवटी राहिला आणि १९५० मध्ये वारला, नेब्रास्काच्या मेजर लीग खेळाडूंचं छोटं संग्रहालय आहे. ओमाहाहून पश्चिमेला जवळपास अडीच तासांची गाडी. जाण्याआधी उघडण्याच्या वेळा फोनवर विचारून घ्या, लहान गावांतली संग्रहालयं रोज उघडी नसतात.

पहिली तीन कार्डं कोणती घ्यावीत असं विचाराल तर माझं उत्तर हे आहे: १९५९ चं बॉब सर्व्ह, १९६९ चं गिब्सनच्या १७ स्ट्राइकआउटचं, आणि १९८३ चं टॉप्सचं वेड बॉग्ज. बॉग्जचं मुद्दाम सांगते आहे. कार्डाच्या मागे जन्म ओमाहा, घर टॅम्पा. ते वाचून त्याला कोणत्या अल्बममध्ये लावायचं, हे तुमच्या लेकीने ठरवायचं आहे.